काटा दोनशेवीसवर

लुबनाने त्या सोमवारी जेवताना "गृहीत धरते" हे दोन शब्द उच्चारले नसते, तर आबाजीची म्हैस लोधिवलीहून चौक गावापर्यंत जुन्या हायवेने एकटी चालत गेली नसती, वीस बल्ब कोंबडीच्या पिल्लांच्या डोक्यावरून खाली उतरले नसते, आणि एका भातगिरणीच्या पावतीपुस्तकावर तंत्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लिहिलं गेलं नसतं. पण ती म्हणाली. एकोणीस वर्षं ज्या माणसाच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवली, त्याच्यासमोर कोणता शब्द काढू नये हे पोरीला अजून कळलं नव्हतं.

"कसला प्रोजेक्ट म्हणालीस?" मुनाफ जुवळ्यांनी घास हातातच धरून विचारलं.

"मायक्रो-प्रोजेक्ट, अब्बा. डीसी जनरेटरचं इक्विव्हॅलंट सर्किट. बोर्डवर काढायचं, किमती टाकायच्या, पंचवीस मार्क. कॉलेजचं मशीन बंद आहे म्हणून मॅडम म्हणाल्या, किमती गृहीत धरा. अक्षदाने तर अर्धा ओहम धरलासुद्धा. मी पण अर्धाच गृहीत धरते."

'जनरेटर' या शब्दाला मुनाफभाईंची मान वर झाली होती. 'गृहीत'ला ती तशीच राहिली, फक्त डोळे खाली आले.

"माझ्या घरात," ते म्हणाले, "जनरेटर गृहीत धरायचा?"

झोहराने, म्हणजे त्यांच्या बायकोने, सुकटीच्या कालवणाचं पातेलं जरा लांब सरकवलं. अशा वेळी काय सांडेल याचा तिला अनुभव होता.

मुनाफभाई खोपोलीच्या एका कागद कारखान्यात एकतीस वर्षं जनरेटर ऑपरेटर होते. सहा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. मुनाफभाई काही पडले नाहीत. हल्ली ते कर्जतकडच्या एका सेकंड होमवाल्यांच्या सोसायटीत गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवत. पण कोणी विचारलं, काय करता, तर उत्तर एकच: "मी जनरेटरवर होतो." यातला 'होतो' ते जरा हळू म्हणत.

कारखान्यातला तो जनरेटर डीसीचा. कागद ओढणारी मोठी मोटर त्याच्यावर चालायची. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, मोटर मंदावली की कागद फाटतो, आणि कागद फाटला की मॅनेजर ऑपरेटरला फाडतो. म्हणून ऑपरेटरने करायचं एवढंच: समोर मीटर, उजव्या हाताला चाक, आणि मीटरचा काटा दोनशेवीसवर. "माझ्या पाळीत काटा हलत नाही," हे वाक्य झोहराने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर तिने मोजणं सोडून दिलं.

लुबनाने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पेनने सर्किट काढून दाखवलं. एक लांब रेघ, एक आखूड रेघ, म्हणजे बॅटरी. पुढे एक नागमोडी रेघ, म्हणजे रेझिस्टन्स.

"झालं," ती म्हणाली. "हा जनरेटर."

"हा?"

"हो."

"ब्रश कुठायत?"

"ब्रश नाही दाखवत, अब्बा."

"आवाज?"

"कागदावर आवाज कसा दाखवणार?"

"आणि गरम झाल्यावर वास येतो तो?"

"तेच तर हे," लुबनाने नागमोडी रेघेवर बोट ठेवलं. "आत जे काय गरम होतं, झिजतं, अडतं, ते सगळं या एका रेघेत येतं. बाहेर लोड वाढला की ही रेघ आतल्या आत व्होल्टेज खाते. किती खाल्लं ते मोजायचं, म्हणजे रेघेची किंमत निघते. मोजायला मशीन नाही, म्हणून गृहीत धरायची."

एवढ्या मोठ्या भाषणातलं मुनाफभाईंनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. दुखावलेला माणूस कानाने ऐकत नाही, दुखण्याने ऐकतो. एकतीस वर्षांचं लोखंड तीन रेघांत बसवलं होतं, तेही क्लासेसच्या जाहिरातीशेजारी.

"मशीन नाही? मशीन मी आणतो," ते म्हणाले आणि घास तोंडात घातला.

झोहराने हळूच विचारलं, "अहो, गृहीत धरून पास होतात ना? मग?" हा प्रश्न त्या घरात अजून तसाच पडून आहे. लुबना या मशीन्सच्या विषयात मागच्या खेपेला गचकली होती. या पंचवीसपैकी निदान दहा मिळाले तर पुढचं वर्ष, नाहीतर वर्षभर घरी. ते मुनाफभाईंनाही ठाऊक होतं. म्हणूनच तर पोरीची गोष्ट अंदाजावर सोडायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, बापाला काय येतं हे पोरीने एकदा डोळ्यांनी बघावं अशी एक बारीकशी हौस होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. आपणच ओळखून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगभर झालं की जुवळे जनरेटर शोधतायत. खालच्या इंदूबाई जिन्यातच उभ्या राहिल्या.

"जनरेटर व्हय? माझ्या भाचीच्या हळदीला आणलावता. डीजेसकट देतो त्यो. नंबर देऊ का?"

"तो नाही, इंदूबाई. डीसी पाहिजे."

"आवो, त्यो बी मोठ्ठा हाय. आख्खा मंडप पेटतो."

दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, इन्व्हर्टर वापरा, आवाज नाही, धूर नाही. गॅसवाल्याने सल्ला दिला की मोबाइलवर ॲप असेल, आता सगळ्याचं ॲप आहे. एका सज्जनांनी जनरेटर कशाला हवाय हे पुरतं ऐकून घेतलं, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "एवढं करण्यापेक्षा गृहीतच का नाही धरत?" त्या सज्जनांशी मुनाफभाई त्यानंतर बोललेले नाहीत.

मशीन सापडलं लोधिवलीला. कारखाना मोडीत निघाला तेव्हा मोठा जनरेटर भंगारात गेला, पण चाचणीसाठी ठेवलेला दोन किलोवॅटचा लहान जनरेटर जुन्या फिटरने, आबाजीने, घरी नेला होता. मुनाफभाईंना वाटलं, आबाजीने तो आठवण म्हणून जपला असेल. जपला होताच. गोठ्यात अर्धा जमिनीत गाडलेला होता आणि वरच्या उचलायच्या कडीला म्हैस बांधलेली होती.

"ह्याच्याइतका पक्का खुंटा अख्ख्या तालुक्यात नाय," आबाजी म्हणाला. "आन् तुमी म्हनताव काढून द्या. हिला कुटं बांधू?"

"शेवग्याला बांधा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"हिला सवय हाय रं ह्याची, मुनाफभाय. धार काढताना हेच्यावर मान घासती. त्याबिगर पान्हा सोडत नाय."

"आबाजी, पोरीचं वर्ष आहे."

आबाजीने म्हशीकडे बघितलं, मग मुनाफभाईंकडे. दोन्ही तोंडांवर साधारण तोच भाव असावा, कारण तो विरघळला. "एक दिवस. सांजच्या धारंला खुंटा जाग्यावर पायजे." जनरेटरबरोबरचा चाकवाला डबा, ज्याने व्होल्टेज कमी-जास्त करता येतं तो, कोंबड्यांच्या खुराड्यावर दगडाऐवजी ठेवलेला सापडला. मुनाफभाईंनी त्याचं चाक दोन बोटांनी फिरवून बघितलं. फिरलं. त्या क्षणाला त्यांचा चेहरा ज्याने बघितला असता त्याने पुढचं सगळं माफ केलं असतं. पण बघायला फक्त म्हैस होती.

मग कॉलेज. सुप्रिया मॅडम बिचाऱ्या भल्या होत्या. "काका, एवढं करायची गरज नव्हती हो," असं त्या म्हणाल्या, आणि व्होल्टमीटर-अमीटर द्यायला तयार झाल्या. पण मीटर मॅडमच्या नव्हेत, ऑफिसच्या ताब्यात. ऑफिसमधल्या कारकुनाने चष्म्यातून बघून सांगितलं की बाहेरच्या मशीनवर प्रयोग करायचा तर मशीन-मालकाचं संमतीपत्र लागेल, प्रयोग जिथे होणार त्या उद्योगाचं प्रमाणपत्र लागेल, आणि मशीन चालवणारा अनुभवी माणूस परीक्षेच्या दिवशी हजर लागेल.

"अनुभवी माणूस मी," मुनाफभाई छाती फुगवून म्हणाले.

"तसं पत्र आहे का?"

"कारखाना बंद झाला."

"मग अनुभवी लिहू नका. 'पालक' लिहा."

फॉर्मवर एक रकाना होता: 'उपकरणाचा सध्याचा वापर'. मुनाफभाई त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि खरं लिहिणं हातून होईना. शेवटी त्यांनी लिहिलं, 'दुग्धव्यवसाय'. कारकुनाने काही न विचारता शिक्का मारला.

उद्योग म्हणजे मनोजची भातगिरणी. मनोज आबाजीचा पुतण्या. त्याच्या गिरणीचा पट्टा जनरेटरवर चढवला की जनरेटर फिरणार. प्रमाणपत्र त्याने पावतीपुस्तकावर दिलं: 'सदर विद्यार्थिनीस मशीन फिरवून दिले.' खाली छापील ओळ होतीच: 'माल ओला निघाल्यास तक्रार चालणार नाही.'

राहिले बल्ब. जनरेटरवर लोड टाकायला तारेचे जुने शंभरचे बल्ब लागतात. हल्लीचे एलईडी जनरेटरला कळतही नाहीत. जुने बल्ब आता फक्त कोंबड्यांकडे उरलेत. झोहराचा मावसभाऊ नदीम याची कर्जतजवळ पोल्ट्री. पिल्लांना ऊब द्यायला तो तेच बल्ब लावतो. नदीमने वीस बल्ब दिले, पण वर सांगितलं, "दुल्हाभाई, परवा सकाळी नवीन पिल्लं येतायत. बल्ब नसले तर पिल्लं गारठतील, आणि ते पाप मी एकटा घेणार नाही."

प्रयोगाचा दिवस उजाडला. गिरणीत भाताची पोती घेऊन आलेली सात-आठ माणसं होती. काम थांबलं म्हणून ती चिडली नाहीत, उलट पोत्यांवर बैठक मारून बसली. फुकटचा तमाशा आणि वर सल्ला द्यायची सोय, आणखी काय हवं? जनरेटर टेंपोतून उतरला तेव्हा त्याला शेण होतं. मुनाफभाईंनी ते स्वतःच्या रुमालाने पुसलं. फिरत्या भागाला टेकून वीज बाहेर आणणारे ब्रश पार झिजले होते, पण कारखान्यातून आणलेले चार कार्बनचे ब्रश त्यांनी सहा वर्षं गोळ्यांच्या डब्यात जपले होते. त्यातले दोन झोहरा शिवणकामात खुणा करायला वापरत होती. ते दोन एका बाजूने तिरके झिजले होते, ते घासून बसवले.

मनोजने पट्टा चढवला. जनरेटर फिरायला लागला. काटा शून्यावर.

"मेलंय ते," एक पोतंवाला म्हणाला.

"उलटं फिरवा."

"नारळ फोडला का?"

लुबनाचा चेहरा उतरला. मुनाफभाई मात्र सहा वर्षांत पहिल्यांदा हसले. "मेलेलं नाही," ते म्हणाले. "लोखंडाची आठवण गेलीय. जनरेटर बंद केला तरी त्याच्या लोखंडात थोडं चुंबक शिल्लक राहतं. त्या आठवणीवर तो पुन्हा उठतो. हा इतकी वर्षं म्हशीजवळ राहिला, विसरला." त्यांनी टेंपोची बॅटरी मागवली, दोन वायरी क्षणभर फील्डला, म्हणजे आतलं चुंबक जागवणाऱ्या गुंडाळीला, टेकवल्या आणि काढल्या. आत कुठेतरी घुर्र झालं. काटा थरथरला. चाळीस. नव्वद. दीडशे. दोनशेवीस.

पोतीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. लुबनाने बापाकडे बघितलं. ती नजर त्यांनी बरोबर टिपली आणि लगेच दुसरीकडे बघितलं, कारण अशा नजरेकडे फार वेळ बघत राहिलं तर माणूस रडतो.

"अब्बा, आता चाकाचं काम संपलं. एकदा व्होल्टेज लावलं की हात काढायचा."

"मला शिकवतेस?" मुनाफभाई लाडाने म्हणाले. "काढला हात."

मग मनोजने एकेक करून बल्ब लावायला सुरुवात केली. दोन बल्ब. लुबना आधी अमीटर वाचायची, करंट वहीत लिहायची, मग वळून व्होल्टमीटर बघायची. दोनशेवीस. चार बल्ब. दोनशेवीस. आठ. दोनशेवीस. गिरणीच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. मुनाफभाई ताठ उभे, नजर काट्यावर. बारा बल्ब. दोनशेवीस.

"अब्बा!" लुबना ओरडली. "हे पडत का नाहीये?"

"काय?"

"व्होल्टेज! पडायला पाहिजे!"

"पडेल कशाला? जुनं लोखंड आहे!"

वीस बल्ब. सगळी गिरणी लख्ख पिवळी झाली. दोनशेवीस. त्याच वेळी आबाजीचा फोन आला, मनोजला. शेवग्याचं झाड मोडून म्हैस निघून गेली होती. शेवगा हे झाड शेंगा द्यायला चांगलं असतं, म्हैस धरायला नसतं, हे आबाजी आणि मुनाफभाई, दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. म्हैस चौकला सापडली, एका ढाब्याच्या खांबाला मान घासत उभी. आबाजीने तोंडाला येईल ते मुनाफभाईंना ऐकवलं आणि जनरेटर त्याच संध्याकाळी पुन्हा गोठ्यात गाडला, आधीपेक्षा वीतभर खोल. नदीम बल्ब घेऊन गेला. मीटर कॉलेजात गेले. पुरावा म्हणून उरला वहीतला एक तक्ता.

तो तक्ता मुनाफभाईंनी घरी दोनदा बघितला, नंतर चष्मा लावून तिसऱ्यांदा. दोनशेवीस, दोनशेवीस, दोनशेवीस, खालपर्यंत एका सरळ रेषेत. एवढा सुंदर तक्ता त्यांच्या पाळीतही क्वचित झाला असेल.

लुबनाने हिशेब केला. पडलेलं व्होल्टेज भागिले करंट. शून्य भागिले काहीही. आतला रेझिस्टन्स शून्य. तिने तीनदा केला, तिन्ही वेळा शून्य. समोर बाप तक्ता धरून बसलेला. लग्नाचा फोटो धरावा तसा. "अब्बा, मी अर्धाच धरते," हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि परत गेलं. तिने बोर्डवर बॅटरी काढली, नागमोडी रेघ काढली, आणि रेघेखाली लिहिलं: शून्य ओहम.

परीक्षेला बाहेरून आलेले सर होते, दमलेले, सकाळपासून चाळीस बोर्ड बघून झालेले. चाळीसच्या चाळीस बोर्डांवर अर्धा ओहम. एकेचाळिसाव्यावर शून्य बघून ते खुर्चीत सरळ झाले.

"हे कुठलं मशीन?"

"लोधिवलीचं, सर."

"लोधिवलीच्या मशीनला आत काहीच अडत नाही? ताई, असं मशीन जगात नाही. सापडलं तर मला सांगा, मी नोकरी सोडून त्याच्याशेजारी राहायला जातो." त्यांनी तक्ता उलटा-सुलटा केला. "रीडिंग घरी बसून लिहिलेत. निदान थोडं खाली-वर तरी लिहायचं. कॉपी करायलाही अक्कल लागते."

मुनाफभाई दाराशी उभे होते, 'पालक' म्हणून. इस्त्रीचा शर्ट, खिशाला कारखान्याचा जुना बिल्ला. ते आत आले.

"साहेब, घरी नाही लिहिलं. माझ्यासमोर घेतलंय एकेक. मी काट्यावर होतो."

"तुम्ही कोण?"

"मी जनरेटरवर... होतो. एकतीस वर्षं."

"मग वीस बल्ब लावल्यावर काटा पडला का नाही?"

"माझ्या हातात काटा पडत नाही, साहेब," मुनाफभाई म्हणाले. अभिमानाने म्हणाले. शेवटच्या वेळी.

सुप्रिया मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी फार मऊ आवाजात विचारलं, "काका, बल्ब लावत होते तेव्हा तुमचा हात कुठे होता?"

मुनाफभाईंनी तोंड उघडलं. 'काढला होता' असं ते म्हणणार होते. पण त्यांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा हात त्यांच्याही नकळत हवेत होता, कमरेच्या उंचीवर, बोटं वळलेली. नुसत्या 'बल्ब लावत होते' या शब्दांनी तो हवेतलं चाक किंचित उजवीकडे फिरवून थांबला होता.

गिरणीत प्रत्येक बल्बला त्याने हेच केलं होतं. लुबना करंट लिहून मान वळवेपर्यंत काटा पडायचा आणि हात त्याला उचलून जागेवर ठेवायचा. मुनाफभाईंना ते ठाऊक नव्हतं. पापणी किती वेळा लवली हे कोण मोजतं? जे मोजायचं होतं, तेच एकतीस वर्षांच्या हाताने मोजू दिलं नव्हतं.

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"पुन्हा रीडिंग घेता येतील?" सरांनी विचारलं. आता आवाज जरा उतरला होता.

"नाही, सर," लुबना म्हणाली. "मशीनला म्हैस बांधलीय."

सरांनी या उत्तरावर खुलासा मागितला नाही. लुबनाने मार्कर घेतला. बोर्डवरच्या सर्किटच्या बाजूला तिने फील्डची गुंडाळी काढली, तिच्यापुढे बाण असलेली नागमोडी रेघ, बाणावर एक बारीक चाक, आणि चाकावर पाच रेघांचा एक हात. खाली लिहिलं: ऑपरेटर.

"सर, ऑपरेटरसकट धरलं तर शून्य बरोबर आहे. आत जेवढं पडतं तेवढं हा हात भरून काढतो. बाहेर कधीच दिसत नाही."

सर उठून बोर्डजवळ आले. "छान. आणि हात काढला तर? आतला रेझिस्टन्स किती?"

"ते मोजलं नाही, सर."

"मग?"

लुबनाने एकदा बापाकडे बघितलं. मग बोर्डकडे तोंड केलं.

"अर्धा ओहम," ती म्हणाली. "गृहीत धरते."

पंचवीसपैकी दहा मिळाले. दहाला पास. अक्षदाला बावीस. लुबनाच्या शीटवर सरांनी लाल पेनने शेरा मारला होता, आणि तो मुनाफभाईंनी कॉलेजच्या गेटपर्यंत पाचसहा वेळा वाचला: 'परिपथात ऑपरेटर दाखवू नये.'

दोघं टमटमने परत आले. जिन्यात इंदूबाईंनी गाठलंच. "काय मुनाफभाय, जनरेटर चालला का रं?"

"एकदम फस्क्लास," मुनाफभाई म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

झोहराने दार उघडलं. दोघांचे चेहरे बघून विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचंय?" मुनाफभाईंनी बिल्ला काढून खिशात टाकला. "पोरगी पास. सर खूश. म्हणाले, असं मशीन जगात नाही. सगळं एकदम—"

"अब्बा," लुबना मागून म्हणाली. "हात काढा."

मुनाफभाईंनी खाली बघितलं. उजवा हात दाराची मूठ धरून होता, आणि ती हळूहळू उजवीकडे फिरवत होता. त्यांनी ती सोडली. खुर्चीत बसले. बराच वेळ सोडलेल्या हाताकडे बघत होते, परक्याचा असावा तसं.

"दहा मिळाले, झोहरा," ते म्हणाले. "ते पण पोरीने मिळवले. मी तिचे बारा घालवले. मला वाटलं होतं, निदान मशीन चालू कसं केलं ते तरी कोणी विचारेल. ते मेलेलं होतं, माहितीये? आठ माणसं म्हणत होती मेलंय. कोणी विचारलंच नाही."

झोहराने गॅस बंद केला. लग्नानंतर तिसऱ्या दिवसापासून जे ऐकत आली होती ते सगळं तिला पाठ होतं. ती त्यांच्यासमोर मोड्यावर बसली.

"कसं केलंत चालू?" तिने विचारलं.

"लोखंडाची आठवण गेली होती," मुनाफभाई सांगायला लागले, आणि पहिल्या वाक्यालाच त्यांचा आवाज पडला. त्यांनी तो उचलला नाही.